गावगाडा आणि रुप्याची थैली

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे ग्रामव्यवस्थेवर लिहिणारा अभ्यासक अजूनही त्याच्याच दारावरून पुढे जातो. मुलकी खात्यातल्या माणसाची बारीक नजर या पुस्तकात आहे, हे मी नाकारत नाही. परंतु बलुत्याचा हिशेब मांडताना आत्रे कुणब्याच्या खळ्यावर उभे राहतात आणि धान्य कोणी कोणी नेले ते मोजतात. महार, मांग, फिरस्ते हे त्यांना कुणब्याच्या पाठीवरचे ओझे वाटते. त्याच खळ्यावरून रोख सारा होऊन जे गेले, त्याला मात्र तोच काटा लावलेला नाही, असे माझे मत आहे.

तो काटा लावायचा तर वेशीबाहेर फार दूर जावे लागते. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोतोसीच्या डोंगरात रुपे सापडले. १५७० नंतर स्पॅनिश सत्तेने तेथील मूळनिवासी गावांवर 'मिता' लादली. दरवर्षी सुमारे १३ हजार माणसे पाळीने खाणकामाला जुंपली जात. मिता म्हणजे पाळी. आपण तिला वेठ म्हणू. वेठीतून निघालेले हे रुपे युरोप, तांबडा समुद्र, इराणचे आखात अशा वाटांनी सुरतेला उतरले, येथल्या कापडाचे आणि निळीचे मोल म्हणून. टाकसाळीत त्याचा रुपया झाला.

बीडचा मुलूख तेव्हा निजामशाही आणि मोगल यांच्या ओढाताणीत होता. निजामशाहीचा कर्ता मलिक अंबर (मृत्यू १६२६) हा स्वतः अनेकदा विकला गेलेला हबशी गुलाम. त्याने आधी पिकाचा दोनपंचमांश वाटा ठरवला आणि पुढे त्याऐवजी सुमारे एकतृतीयांशाइतकी रोख घेतली, असे ग्रँट डफपासून सांगितले जाते. सगळा सारा रोखीत गेला असे नव्हे, वाटणीही चालू राहिली. पण रोखीची मागणी आली की कुणब्याला सुगीतच, भाव पडलेला असताना, धान्य विकावे लागते. सावकार तेथे उभाच असतो. नाणे पारखणारा पोतदार मानकरी होतो. जुन्या नाण्याला बट्टा बसतो, तो रयतेच्या अंगावर. 'नावाला बट्टा लागला' असे आपण सहज म्हणतो. तो शब्द सराफाच्या पेढीवरचा आहे.

आता महार. साऱ्याची रक्कम पाटलाबरोबर कचेरीपर्यंत पोचवणे हे त्याच्या वतनी कामांपैकी एक. आमच्या घरी आजोबा सांगत, थैली डोक्यावर, पाटील घोड्यावर; वाटेत एक रुपया कमी झाला तर जबाब आपला. ते हाली रुपये होते. घरी आल्यावर मिळायची ती भाकर. रुपे महाराच्या डोक्यावरून गेले, हातावर आले नाही. चलन आले की जात विरघळते, असे मांडणाऱ्या विद्वानांनी या थैलीचे वजन करावे. हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ मध्ये दाखवले की, बलुतेदार एकेका घराचा नव्हे, सबंध गावाचा चाकर होता. म्हणजे मजुरीची घासाघीस करायला समोर एक धनीही नाही.

अर्थात रोख म्हणजे मुक्ती नव्हे. बीडच्या ऊसतोड कामगाराला उचल रोखीतच मिळते, आणि ती फिटेपर्यंत नवराबायकोचा कोयता फडातून सुटत नाही.

बाबासाहेबांनी १९२३ च्या रुपयाविषयीच्या ग्रंथात हेच विचारले होते: रुपया घसरतो तेव्हा भाव चढतात, मजुरी मागे राहते, मग नफा कोणाचा? आपले समीक्षक हा ग्रंथ अर्थशास्त्राच्या कप्प्यात ठेवतात आणि महार वतनाचे १९२८ चे विधेयक चळवळीच्या कप्प्यात. मला ही वाटणी मान्य नाही. त्या विधेयकात बलुत्याचे रूपांतर रोख कराने करण्याची तरतूद होती. तो कर साऱ्याबरोबर वसूल व्हावा, दारोदार हात पसरणे थांबावे. रुपयाचा अभ्यासक नसता तर हे कलम सुचले नसते. ते विधेयक मंजूर झाले नाही. झाले असते तरी मुंबई इलाख्यापुरते. बीड निजामाच्या राज्यात होते, आणि तेथे थैली वाहणे चालूच राहिले.