आलेखात नसलेला काळ

उच्च माध्यमिक वर्गांच्या जीवशास्त्रात ऑक्सिजन व हिमोग्लोबिन यांचा 'एस' आकाराचा आलेख हमखास असतो. आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा आंशिक दाब, उभ्या अक्षावर हिमोग्लोबिनची संपृक्तता. फुप्फुसात दाब सुमारे १०० मिलिमीटर, संपृक्तता ९७ टक्के. विश्रांतीच्या वेळी ऊतींकडून परतणाऱ्या रक्तात दाब ४० मिलिमीटर, संपृक्तता ७५ टक्के. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा ऑक्सिजन ऊतींना मिळाला. येथवर ठीक आहे. पण पुढे 'उतार तीव्र आहे, म्हणून ऑक्सिजन झपाट्याने सुटतो' असे सांगितले जाते. वर्गात आम्हीही तसे सांगितले आहे. ते चूक आहे. या आलेखाच्या एकाही अक्षावर काळ नाही. समतोल साधल्यावर किती ऑक्सिजन उरेल, एवढेच त्यातून कळते.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. केशवाहिनीतून जाताना तांबड्या पेशीला जेमतेम एक सेकंद मिळतो. तेवढ्यात ऑक्सिजन सुटला नाही, तर उतार कितीही तीव्र असो, ऊती उपाशीच राहतील.

हा वेळ केंब्रिजच्या हार्ट्रिज व रफ्टन यांनी १९२३ मध्ये मोजला. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनचे द्रावण आणि मोकळा ऑक्सिजन शोषणारे रसायन एकत्र मिसळून त्यांनी ते नळीतून वेगाने सोडले व नळीवर ठिकठिकाणी वर्णपट तपासला. समजा, प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटर आहे. मग मिसळण्याच्या जागेपासून एक सेंटिमीटरवरचे द्रावण एक शतांश सेकंद 'वयाचे' असते. अंतर मोजले की काळ कळतो! द्रावणातले हिमोग्लोबिन सेकंदाच्या अल्पशा भागातच ऑक्सिजन सोडते, असे दिसले.

अखंड तांबड्या पेशींत मात्र हीच क्रिया बरीच मंदावते. बंध तुटण्यापेक्षा रेणूंना पेशीतून वाट काढत बाहेर पडायलाच अधिक वेळ लागतो. ऑक्सिजन पेशीत शिरतानाही असाच अडथळा येतो. त्याचा दोष पूर्वी पेशीपटलाला दिला जाई; प्रयोगातील पेशींभोवती न ढवळता राहणारा द्रवाचा थर हा त्यातला मोठा अडसर असल्याचे कॉइन व ऑल्सन यांनी १९७९ मध्ये दाखवले.

पुस्तकात या आलेखाशेजारी दुसरा लहान आलेख हवा, ज्याच्या आडव्या अक्षावर सेकंदाचे भाग असतील. तोवर फळ्यावर आपण दोन प्रश्न वेगवेगळे लिहू या : किती सुटतो? आणि किती वेळात?