उपलाणी पाठ : अश्वकथा, वास्तव आणि मराठी कथनाचे मौन

१

जुन्या मराठी कोशांत ‘उपलाणा’ असा एक शब्द आढळतो. ज्याच्या पाठीवर पलाण घातलेले नाही असा घोडा किंवा बैल, हा त्याचा अर्थ. अशा घोड्यावर बसणे म्हणजे उपलाणी बसणे. आजच्या लेखनातून हा शब्द जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि त्याच्या जागी ‘बिनखोगिराचा’ हे वर्णनात्मक विशेषण आले आहे. हा बदल वरवर किरकोळ वाटतो. परंतु एखाद्या अनुभवाचे नाव भाषेतून जाते, तेव्हा तो अनुभव ज्यांचा होता ते लोकही कथनाच्या कक्षेबाहेर गेले होते काय, असा प्रश्न समीक्षेने उपस्थित करणे आवश्यक ठरते. इंग्रजी बालसाहित्यात तट्टू आणि मूल यांच्या नात्यावर आधारलेला एक संपूर्ण कथाप्रकार उभा राहिला. त्यात उघड्या पाठीवरील रपेट हे एक मध्यवर्ती आशयसूत्र आहे. मराठीत असा कथाप्रकार निर्माण झाला नाही. ही अनुपस्थिती म्हणजे केवळ उणीव मानावी, की तिचा काही सामाजिक अन्वय लावता येतो, हे येथे पाहावयाचे आहे.

२

प्रथम शब्दव्यवस्थेकडे पाहू. मराठीतील घोड्याच्या साजाची परिभाषा बहुतांशी फारसी-अरबी वळणाची आहे. जीन, लगाम, रिकीब, तंग, चाबूक, पागा, बारगीर, शिलेदार हे सर्व शब्द लष्करी आणि दरबारी व्यवस्थेबरोबर मराठीत स्थिरावले. ‘खोगीर’ हाही त्याच घराण्यातला शब्द असून त्याचा मूळ अर्थ घाम धरून ठेवणारे, म्हणजे घोड्याच्या पाठीवरचा घाम टिपणारे वस्त्र, असा आहे. याउलट ‘पलाण’ हे संस्कृत ‘पर्याण’ या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप आहे. ‘उपलाणा’ त्याच्याच कुळातला. म्हणजे साजासह घोडा सत्तेच्या भाषेत बोलतो आणि साजाविना घोडा त्या भाषेपूर्वीच्या, गावाच्या बोलीत राहतो.

शिलेदार आणि बारगीर या भेदातही हीच गोष्ट दिसते. शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येई. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. दोघेही स्वारच, पण घोडा कोणाचा यावर दोघांची प्रतिष्ठा अवलंबून असे. घोड्यावर बसणे आणि घोडा असणे या दोन गोष्टी मराठी मनाने कधीच एक मानल्या नाहीत. ‘मांड’ हा शब्द मात्र या व्यवस्थेच्या आतबाहेर फिरतो. मांड मांड्यांनी धरली जाते, तिला खोगीर लागत नाही. पण हाच शब्द पुढे सत्तेवर मांड ठोकण्यापर्यंत गेला. शरीराच्या एका कौशल्याचे अधिकाराच्या रूपकात रूपांतर झाले आणि मूळ कौशल्य ज्याच्यापाशी होते तो मोतद्दार, तो पोरगा, रूपकाबाहेर राहिला.

३

इंग्रजी अश्वकथेची परंपरा ॲना स्यूएल यांच्या ‘ब्लॅक ब्यूटी’पासून (१८७७) मोजण्याची प्रथा आहे. ती कथा घोडाच सांगतो आणि तिचा रोख माणसाच्या क्रौर्यावर, विशेषतः घोड्याची मान कृत्रिमरीत्या ताठ ठेवणाऱ्या लगामावर आहे. साज म्हणजे यातना, ही जाणीव या परंपरेच्या आरंभीच आहे. पुढे १९३० नंतरच्या दशकांत मूल हे कथेचे केंद्र झाले. जोआना कॅनन यांचे ‘अ पोनी फॉर जीन’ (१९३६) हे शीर्षकच प्रकाराचे व्याकरण सांगते : मुलीला तट्टू मिळते. एनिड बॅग्नोल्ड यांच्या ‘नॅशनल व्हेल्व्हेट’मधील (१९३५) नायिका खाटकाची मुलगी आहे, आणि तिला घोडा सोडतीत लाभतो. वर्गीय अडचण नशिबाच्या एका चिठ्ठीने सुटते. वॉल्टर फार्ले यांच्या ‘द ब्लॅक स्टॅलियन’मध्ये (१९४१) जहाज बुडाल्यावर मुलगा आणि रानटी घोडा निर्जन बेटावर सापडतात. तिथे मुलगा त्याच्या उघड्या पाठीवर बसतो.

हे बेट समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. उपलाणी रपेट निरपेक्ष स्वातंत्र्याचे चिन्ह व्हावयाची असेल, तर ती मालकी, बाजार, मजुरी या सर्वांपासून दूर नेऊन ठेवावी लागते. बेटावर खोगीर मिळत नाही म्हणून मुलगा बिनखोगिराचा बसतो. पण वाचक त्या अभावाला अभाव म्हणून वाचत नाही, जवळीक म्हणून वाचतो. याचे कारण असे की ज्या समाजात ही कथा वाचली जाते तिथे खोगीर हे गृहीत आहे. जे घरी टांगलेले आहे ते एखाद्या दिवशी न वापरणे, यालाच स्वातंत्र्य म्हणता येते. ज्याच्या घरी ते कधी नव्हतेच, त्याच्या बसण्याला हे नाव देता येत नाही. चिन्हक एकच आहे, चिन्हित मात्र व्यवस्थेनुसार बदलते.

४

आता देवणीकडे वळू. लातूर जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव जगाला ठाऊक आहे ते घोड्यासाठी नव्हे, तर देवणी या गोवंशासाठी. वानेरा, शेवरा, बालंक्या ही त्या वंशातील रंगठेवणीवरून पडलेली नावे, आणि दावे, वेसण, कासरा, शिवळ ही त्याच्याभोवतीची परिभाषा, यांवरून या परिसराची पशुविषयक जाणीव कोणत्या जनावरापाशी घट्ट झाली हे कळते. घोडा येथे परका नव्हता. याच टापूत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने उदगीरला निजामाचा पराभव केला आणि तीच फौज पुढे पानिपताकडे गेली. परंतु या इतिहासात घोडा गावावरून जातो, गावात राहत नाही. १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि नंतर राज्याच्या बिदर जिल्ह्यात असलेल्या या गावांना घोडा दिसला तो मुख्यत्वे अंमलदाराच्या मांडीखाली.

उपलाणा घोडा पाहावयाचा तर शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जावे लागते. मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणाऱ्या या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांचा मोठा बाजार भरतो. खंडोबा हा स्वतः अश्वारूढ देव. त्याची पहिली पत्नी म्हाळसा अनेक मूर्तींत त्याच्याबरोबर घोड्यावर दिसते. दुसरी बाणाई ही धनगराची. गुंथर सोन्थायमर यांनी धनगर आणि इतर पशुपालकांच्या दैवतांचा जो अभ्यास केला, त्यातून या देवाचे दुहेरीपण स्पष्ट झाले आहे. तो राजाही आहे आणि मेंढक्यांचा जावईही. यात्रेच्या बाजारात हे दोन्ही घोडे शेजारी उभे असतात. एक पंचकल्याणी, देवमण आणि भोवरे पाहून घेतला जाणारा, रहवाल चालीबद्दल वाखाणला जाणारा. दुसरा धनगराचा तट्टू, ज्याच्या पाठीवर बिऱ्हाड लादले जाते आणि बिऱ्हाडावर कोंबडी, कोकरू आणि चालू न शकणारे मूल बसते.

या दुसऱ्या पाठीला उघडी म्हणता येत नाही आणि खोगिराची म्हणता येत नाही. ती लादलेली पाठ आहे. अश्वकथेच्या परिभाषेत तिला जागाच नाही. पहिल्या घोड्याच्या बाबतीतही स्थिती वेगळी नाही. गिऱ्हाइकाला चाल दाखवण्यासाठी जो घोडा पळवावा लागतो, त्याच्यावर बसणारा बहुधा घेणाराही नसतो आणि मालकही नसतो. तो मालकाच्या पदरी असलेला पोरगा असतो. आयाळ मुठीत धरून, गुडघ्यांत घोडा आवळून तो बसतो. त्याचे कौशल्य हा मालाच्या किमतीचा भाग असतो आणि सौदा झाला की तो घोड्यावरून उतरतो.

५

शरीराच्या पातळीवर हे कौशल्य नेमके काय आहे, हेही लक्षात घ्यावे लागेल. कारण ‘जवळीक’ हा शब्द समीक्षेत फार सैलपणे वापरला जातो. चांगले खोगीर स्वाराचे वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरवते. ते नसेल तेव्हा हे वजन बैठकीच्या दोन हाडांखालच्या लहानशा जागेवर एकवटते. त्यामुळे दीर्घ मजल उपलाणी मारली तर घोड्याची पाठ दुखावते आणि स्वाराच्या मांड्या सोलवटतात. रिकीब नसल्यामुळे तोल पायांवर तोलता येत नाही, तो कमरेत सांभाळावा लागतो. पोटऱ्या जास्त आवळल्या तर घोड्याला ती पुढे जाण्याची खूण वाटते आणि घाबरलेला नवखा स्वार नेमके तेच करतो. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वारोहणावरील पुस्तकात, स्वार उघड्या पाठीवर असो की वस्त्रावर, त्याने खुर्चीत बसल्यासारखे न बसता पाय फाकून उभे राहिल्यासारखे बसावे, असे सांगितले ते याच कारणाने. म्हणजे जवळीक ही येथे भावना नसून एक शिकलेली गोष्ट आहे. घोड्याच्या स्नायूंची प्रत्येक हालचाल मध्ये काहीही नसल्यामुळे स्वारापर्यंत पोचते, हे खरे. परंतु घामही पोचतो, आणि दुखापतही दोघांची होते. हे ज्ञान पुस्तकी अश्वकथेत येते तेव्हा ते निसर्गदत्त प्रतिभेच्या रूपात येते. माळेगावच्या पोराकडे ते येते ते रोजच्या कामातून.

६

मराठी कथनाने या पोराला का पाहिले नाही? ऐतिहासिक कादंबरीने घोडा भरपूर वापरला. हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसाई, ना. सं. इनामदारांपर्यंत तो आहे. पण तेथे तो प्रायः नायकाच्या उंचीचा एक भाग आहे, चालता चौथरा आहे. खोगिराशिवाय तो चौथरा पुरा होत नाही. बालसाहित्याने तर वाहनच बदलले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवर बसतो. शहरी मध्यमवर्गीय मराठी मुलाला परवडू शकणारा घोडा म्हणजे सायकल, असे म्हटले तर ते गमतीपुरते खरे नाही. स्वतंत्रपणे दूर जाण्याची शक्यता, म्हणजे जी शक्यता इंग्रजी मुलीला तट्टू देतो, ती येथे सायकलीने दिली.

जनावराशी असलेले खरे नाते मराठीत अन्यत्र व्यक्त झाले. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीतील नारबा हा गडी आहे. जनावरे त्याचा गोतावळा आहेत, पण ती त्याची नाहीत. ट्रॅक्टर आल्यावर ती जातात आणि ते थांबवण्याचा अधिकार नारबाला नाही. इंग्रजी अश्वकथेत जवळीक आणि मालकी शेवटी एकत्र येतात आणि त्या एकत्र येण्यालाच आपण सुखान्त म्हणतो. ‘गोतावळा’त ज्याची जवळीक आहे त्याची मालकी नाही, आणि ज्याची मालकी आहे त्याला जवळिकीची गरज नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) बिऱ्हाड वाहणारी गाढवे आहेत. तेथे जनावर हे मुलाच्या हौसेचे विषय होऊच शकत नाही, कारण ते कुटुंबाच्या जगण्याचा आधार आहे. या दोन संहिता मराठीच्या अश्वकथा आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु अश्वकथा जो प्रश्न टाळते तो त्या विचारतात, एवढे निश्चित.

७

यावर एक आक्षेप संभवतो. मालकीचा प्रश्न लावून धरला तर त्या पोराचा आनंद नाकारला जात नाही काय? चौखूर सुटलेल्या घोड्यावर तोही काही क्षण मोकळा असेलच. हा आक्षेप रास्त आहे. त्याचा आनंद नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या आनंदाला आयते स्वातंत्र्याचे चिन्ह बनवणे हे त्याच्या वतीने केलेले वाचन होईल. दलित नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या एकविसाव्या शतकातही देशाच्या निरनिराळ्या भागांतून आल्या आहेत. त्या नवरदेवाची मागणी साजासह घोड्याची असते. खोगीर टाकून देण्यात त्याला कोणतेही मुक्तिसूत्र दिसणार नाही, कारण ते त्याला नाकारले गेले आहे. पंढरीच्या वारीतील रिंगणात धावणारा माउलींचा अश्व रिकामा असतो. त्यावर कोणी बसत नाही, तरी तो सजवलेला असतो आणि त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात. बैठक रिकामी असूनही तिचा मान राहतो. उपलाण्या घोड्यावर माणूस असतो, पण त्याच्या बैठकीला कोणी मान देत नाही. या दोन प्रतिमा एकत्र ठेवल्या म्हणजे आपल्या समाजात पाठीपेक्षा पाठीवरच्या साजाला किती अर्थ दिला गेला आहे, हे ध्यानी येते.

समीक्षेत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरर्थक मजकुरासाठी वापरला जातो. खोगिरात काय भरले आहे याची चिकित्सा करण्यात मराठी समीक्षा वाकबगार झाली. खोगिराखालची पाठ कोणाची आणि खोगिराशिवाय तिच्यावर कोण बसतो, ही चिकित्सा अद्याप व्हावयाची आहे. ती परक्या कथाप्रकाराची परिभाषा उचलून होणार नाही, तसेच देशी म्हणून प्रत्येक अभावाचा गौरव करूनही होणार नाही. यात्रेतील पोराच्या दृष्टिबिंदूतून, त्याच्या बोलीत आणि सौदा संपेपर्यंतच्या त्याच्या वेळात घडणारी एखादी दीर्घकथा मराठीत लिहिली गेली, तर तिला इंग्रजी अश्वकथेची मराठी आवृत्ती म्हणता येणार नाही. ‘गोतावळा’ने जे नाते बैलाच्या आणि गड्याच्या संदर्भात मांडले, त्याचेच ते पुढचे प्रकरण ठरेल. ते लिहिताना लेखकाला कोशातला ‘उपलाणा’ हा शब्द पुन्हा लागेल.