पहिल्या पापनिवेदनाची पात्रता : वयाचा नियम आणि बालकाची भाषा

कॅथलिक बालकाने पहिले पापनिवेदन केव्हा करावे, हा प्रश्न नियमांच्या दृष्टीने सुटलेला आहे. प्रथम ख्रिस्तप्रसादापूर्वी पापनिवेदन व्हावे, असे १९८३ च्या धर्मविधानसंहितेचे ९१४ वे कलम स्पष्टपणे सांगते. परंतु क्रम ठरल्याने पात्रता ठरत नाही. अमुक एक बालक आज या संस्काराला सिद्ध आहे की नाही, हे कशावरून ओळखावे? अनेक धर्मग्रामांत याचे उत्तर शाळेच्या इयत्तेवरून दिले जाते. तिसरी-चौथीतील मुलांची यादी होते, वर्ग भरतो, प्रार्थना पाठ करून घेतल्या जातात आणि ठरलेल्या शनिवारी सर्वांचे पापनिवेदन होते. ही रीत सोयीची आहे, यात शंका नाही. ती धर्मसभेच्या मूळ आशयाशी कितपत जुळते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. ही चिकित्सा बेळगाव तालुक्यातील उचगावसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. कारण सामान्य नियमांतील एक उणीव अशा सीमाभागात विशेष स्पष्टपणे दिसून येते.

१. 'क्वाम सिंगुलारी' : बळ आणि उणीव

१२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने 'विवेकाचे वय' प्राप्त झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे व पुनरुत्थानकाळात ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असे ठरविले. पुढील शतकांत या एकाच वयाचे दोन तुकडे झाले. पापनिवेदनासाठी एक वय आणि ख्रिस्तप्रसादासाठी दुसरे, म्हणजे दहा, बारा, क्वचित चौदा वर्षांचे, असा प्रघात ठिकठिकाणी रूढ झाला. काही प्रदेशांत तर लहान मुलांचे पापनिवेदन ऐकूनही त्यांना पापक्षमा दिली जात नसे. दहाव्या पायस यांच्या अनुज्ञेने ८ ऑगस्ट १९१० रोजी निघालेल्या 'क्वाम सिंगुलारी' या आदेशाने हे दोन्ही प्रघात मोडून काढले. दोन्ही संस्कारांसाठी विवेकाचे वय एकच, आणि ते म्हणजे मूल विचार करू लागते तो काळ; साधारण सातवे वर्ष, थोडे अलीकडे वा पलीकडे. परिपूर्ण धर्मज्ञानाची अट दोहोंसाठीही नाही. मुलांना पापनिवेदनापासून दूर ठेवण्याची चाल सर्वस्वी त्याज्य ठरविण्यात आली.

या आदेशाचे बळ असे की, त्यात सातव्या वर्षाला खूण मानले आहे, कुंपण मानलेले नाही. 'अलीकडे वा पलीकडे' हे शब्द शोभेसाठी आलेले नाहीत. आदेशकर्त्यांना बालकाच्या वाढीतील भेद ठाऊक होता. शिवाय बालकाला प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी सादर करण्याचा अधिकार त्यांनी पित्याकडे, अथवा पित्याच्या जागी असलेल्या व्यक्तीकडे, आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंकडे सोपविला. मुलाला जवळून ओळखणाऱ्यांनीच निर्णय घ्यावा, हे त्यामागील तत्त्व होय.

उणीव मात्र ध्यानात घेतली पाहिजे. ख्रिस्तप्रसादासाठी आदेशाने एक नेमकी कसोटी दिली : मुलाला हा प्रसाद साध्या भाकरीहून वेगळा असल्याचे कळावे. पापनिवेदनासाठी तितकी नेमकी कसोटी नियमांत नाही. प्रास्ताविकात बऱ्यावाईटातील भेद ओळखण्याचा उल्लेख येतो, पण तेवढे पुरेसे नाही. मारणे वाईट, हे चार वर्षांचे मूलही सांगते. बहुधा दुसऱ्याने मारल्यावर सांगते. पापनिवेदनाला आणखी एक पाऊल लागते. जे वाईट, ते 'मी' केले, हे उमगणे म्हणजे ते पाऊल. आदेशाने मोकळी सोडलेली ही जागा व्यवहारात घोकंपट्टीने भरून काढली.

२. १९७१ ते १९८३ : वाद आणि निर्णय

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर काही देशांत उलट प्रयोग झाले. मुलांना आधी ख्रिस्तप्रसाद द्यावा आणि पापनिवेदन काही वर्षांनी, दहाव्या-अकराव्या वर्षाच्या सुमारास घ्यावे, असे अनेक धर्मशिक्षणतज्ज्ञांचे मत होते. लहान मुलाच्या मनात पापाविषयी समजेपेक्षा भीती अधिक असते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. १९७१ च्या धर्मशिक्षणविषयक सर्वसाधारण मार्गदर्शिकेच्या परिशिष्टाने जुन्या क्रमाची बाजू घेतली. २४ मे १९७३ च्या घोषणेने त्या शालेय वर्षाअखेर हे प्रयोग थांबविण्यास सांगितले. ३१ मार्च १९७७ च्या पत्राने त्याचा पुनरुच्चार केला. आणि १९८३ मध्ये तो क्रम संहितेत स्थिर झाला.

प्रयोगकर्त्यांचे निरीक्षण खरे होते. निष्कर्ष मात्र सदोष होता. मुलाच्या मनात भीती असते म्हणून पापनिवेदन पुढे ढकलले, तर ती भीती नाहीशी होत नाही, ती एकटी पडते. आईच्या डब्यातून पैसे घेतलेल्या आठ वर्षांच्या मुलाला रात्री झोप लागत नसेल, तर 'तुझे हे पाप गंभीर नाही, तू अजून लहान आहेस' या धर्मशास्त्रीय समजुतीने त्याचे समाधान होणार नाही. क्षमा मागण्याची आणि ती मिळाल्याचे स्वतःच्या कानांनी ऐकण्याची त्याला गरज आहे. ती गरज वयाच्या कारणास्तव नाकारणे, हा १९१० च्या आदेशाने निषेधिलेल्या कठोरपणाचाच सौम्य अवतार होय.

३. ९१४ वे कलम काय सांगते?

हे कलम बारकाईने वाचले असता तीन गोष्टी दिसतात. पहिली, मुलांच्या सिद्धतेचे कर्तव्य प्रथम मातापित्यांचे व त्यांच्या जागी असलेल्यांचे म्हटले आहे. प्रमुख धर्मगुरूंचा उल्लेख त्यानंतर येतो. दुसरी, अपात्र मुलाने येऊ नये याची दक्षता घेण्यास धर्मगुरूंना सांगितले आहे ते ख्रिस्तप्रसादासंबंधी. पापनिवेदनाच्या दारावर असा पहारा नेमलेला नाही. तिसरी, इयत्तेचा उल्लेख कोठेही नाही. सात वर्षे पूर्ण झालेल्यास विवेकबुद्धी आली असे ९७ वे कलम मानते खरे, पण ते गृहीतक आहे आणि गृहीतक तपासून पाहता येते.

येथे एक आक्षेप संभवतो. ९८९ व्या कलमानुसार वार्षिक पापनिवेदनाचे बंधन गंभीर पापांपुरते आहे. आठ वर्षांच्या मुलाकडून गंभीर पाप घडणे दुर्मीळ. मग ज्यास बंधनच नाही, त्यास ख्रिस्तप्रसादापूर्वी पापनिवेदनाची अट का? आक्षेप तर्कशुद्ध आहे आणि तो टाळणे योग्य नाही. उत्तर असे की, ९१४ व्या कलमातील पापनिवेदन हे मूलतः ऋणमोचन नव्हे, ती ओळख आहे. लघुपापांचे निवेदनही ९८८ वे कलम इष्ट मानतेच. परंतु हे उत्तर स्वीकारले, तर त्याचा परिणामही स्वीकारावा लागतो. जे ओळख म्हणून द्यावयाचे, ते परीक्षेच्या स्वरूपात देता येत नाही. प्रायश्चित्ताची प्रार्थना अडखळत म्हटली म्हणून एखाद्या मुलाला मागे ठेवणे या कलमात बसत नाही. आणि वर्गातील सर्वांबरोबर उभे केले म्हणून न उमगलेल्या मुलाकडून पापांची यादी वदवून घेणेही बसत नाही. ज्या मुलाची विवेकबुद्धी मतिमंदत्वामुळे विकसित होणार नाही, त्याच्याकडून तर या निवेदनाची अपेक्षाच नाही. अशा व्यक्तींना कुटुंबाच्या अथवा सोबतच्या समुदायाच्या श्रद्धेच्या आधारे ख्रिस्तप्रसाद द्यावा, असे सोळाव्या बेनेडिक्ट यांनी २००७ च्या 'साक्रामेंतुम कारितातिस' या पत्रात सुचविले आहे.

४. विवेकाची खूण कोठे ऐकू येते?

जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या, बालकांच्या नैतिक निर्णयावरील ग्रंथात एक साधा प्रयोग आहे. एका मुलाने दार उघडताना नकळत पंधरा पेले फोडले. दुसऱ्याने चोरून मुरंबा घेताना एकच पेला फोडला. अधिक दोषी कोण? लहान मुले पंधरा पेल्यांकडे बोट दाखवीत, मोठी मुले हेतूकडे पाहत. पहिल्या प्रकारच्या उत्तरांचे सरासरी वय सातच्या आसपास, दुसऱ्याचे नऊच्या आसपास आढळले. मात्र हेतू स्पष्ट करून सांगितल्यास त्याहून लहान मुलेही तो ध्यानात घेतात, असे पुढील संशोधनाने दाखविले. म्हणजे मानसशास्त्रही एक आकडा हाती देत नाही. ते एक प्रश्न देते : या मुलाला 'घडले' आणि 'केले' यांतील भेद कळतो काय?

हा भेद मराठी क्रियापदांत मुळातच आहे. पेला फुटतो आणि पेला फोडला जातो. दोरी तुटते आणि कोणी ती तोडतो. 'फुटलं' म्हणणारे मूल अद्याप घटना सांगत आहे. 'मी फोडलं' म्हणणारे मूल निवेदन करीत आहे. 'मी मुद्दाम नाही केलं' हे नेहमीचे वाक्य मोठ्यांना पळवाट वाटते. वास्तविक त्या 'मुद्दाम' या एका शब्दात मुलाला हेतूची ओळख पटल्याचा पुरावा आहे. अशा मुलाची वेळ जवळ आली असे समजावे.

दुसरा शब्द 'पाप' हा होय. अन्नाला पाय लागला तर 'पाप लागेल', असे आपल्या गावागावांत मुलांना सांगितले जाते. या प्रयोगात पाप ही बाहेरून येऊन चिकटणारी वस्तू आहे, विटाळासारखी. ती कोणी केलेली नसते, ती लागते. ख्रिस्ती घरांतील मुलेही हीच भाषा शेजारात शिकतात, आणि त्यात शेजाऱ्यांचा दोष नाही. भाषा सर्वांचीच आहे. परंतु 'पाप लागले' पासून 'मी पाप केले' पर्यंतचा प्रवास धर्मशिक्षणाने घडवून आणला पाहिजे. तो घडला नाही, तर पापक्षमा मुलाला धुण्याचा विधी वाटेल आणि कोणीतरी आपल्याला परत जवळ घेतले, हे त्याला कळणार नाही.

५. उचगावचे बालक

उचगाव बेळगाव-वेंगुर्ला मार्गालगत आहे. पुढे थोड्याच अंतरावर शिनोळीपाशी महाराष्ट्राची हद्द लागते. गाव मराठी, राज्यभाषा कन्नड. या परिसरातील कॅथलिक कुटुंबांपैकी काहींच्या घरी कोकणी बोलली जाते, आणि तेथे पापनिवेदनाला 'कुमसार' व ख्रिस्तप्रसादाला 'कुमगार' म्हणतात. येथील एखादे मूल प्रार्थना कोकणीत शिकेल, शाळेत मराठी व कन्नड वाचील आणि खेळताना, भांडताना व खोटे बोलताना बेळगावी मराठी वापरील. त्याच्या चुका ज्या भाषेत घडतात, ती धर्मशिक्षणाच्या पुस्तकातील भाषा असेलच असे नाही.

येथे सामान्य नियमांतील उणीव उघडी पडते. परक्या भाषेतील उत्तरे चोख म्हणणारे मूल सिद्ध ठरते आणि स्वतःच्या बोलीत आपला अपराध ओळखणारे मूल मागे राहते. या भागात मुलगीही 'मी आलो, मी गेलो' असे म्हणते. तिने 'मी खोटं बोललो' असे सांगितले असता व्याकरण सुधारण्याचा मोह धर्मशिक्षकाने आवरावा. त्या वाक्यात संस्काराला आवश्यक ते सर्व आले आहे. संहितेने भाषेची अडचण ओळखलेली आहे. दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्याची मुभा ९९० वे कलम देते, आणि आपल्या पसंतीच्या धर्मगुरूंकडे जाण्याचे स्वातंत्र्य ९९१ वे कलम देते. मुलासाठी दुभाषी नेमणे अर्थातच इष्ट नव्हे. मुलाची बोली समजणारे धर्मगुरू त्या दिवशी उपलब्ध असणे, एवढी व्यवस्था मात्र अवघड नाही.

६. निर्णय

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पात्रतेचा पहिला शब्द मातापित्यांचा असावा, आणि त्यांना विचारावयाचा प्रश्न 'पाठ झाले का?' असा नसून 'ते स्वतः होऊन कधी चूक कबूल करते का?' असा असावा. नंतर धर्मगुरूंनी मुलाशी संस्काराबाहेर, त्याच्या बोलीत, मोकळेपणी बोलावे. वर्ग एकत्र चालावा, पण दिवस सर्वांचा एकच असण्याचा आग्रह नसावा. २ डिसेंबर १९७३ च्या प्रायश्चित्तविधीत मुलांसाठी संस्काराविना पश्चात्तापप्रार्थनेचा नमुना दिलेला आहे आणि अशा प्रार्थनांतून मुलांची सदसद्विवेकबुद्धी हळूहळू घडते, असे त्याच विधीत म्हटले आहे. ज्या मुलाला अजून अवकाश हवा, त्याच्यासाठी ही पायरी आहे. तिचा वापर आपल्याकडे फारच थोडा होतो.

दिवस वेगळा ठेवल्यास मूल चारचौघांत लाजेल, अशी भीती पालकांना वाटते. ती अनाठायी नाही. म्हणूनच मागे राहणे ही शिक्षा भासू नये, याची जबाबदारी धर्मग्रामावर येते. परंतु न उमगता केलेल्या निवेदनाची किंमत अधिक आहे. पहिल्या वेळी 'खोटे बोललो, भांडलो, आईवडिलांचे ऐकले नाही' ही तयार यादी म्हणणारे मूल चाळिसाव्या वर्षीही तीच यादी म्हणत राहते किंवा म्हणणे सोडून देते. प्रौढांच्या पापनिवेदनाविषयी आपण जी खंत व्यक्त करतो, तिचे बीज बहुधा येथे असते.

उधळ्या पुत्राने परतीच्या वाटेवर आपले निवेदन पाठ केले होते. पित्याने ते पुरते ऐकूनही घेतले नाही. मुलाला ते निवेदन पाठ आहे की नाही, हे पाहण्याआधी ते घराकडे वळले आहे की नाही, हे पाहावे. नियमांचाही आशय तोच आहे.