आठवणीतले गाव आणि वस्तीचे गाव

मुंबई सोडून गावी जाऊन राहावे, हा विचार आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांत आज बोलला जातो. खोलीचे भाडे, मुलांच्या शाळांचा खर्च आणि लोकलचा रोजचा प्रवास यांनी मेटाकुटीस आलेली नवराबायको मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडील वडिलोपार्जित घराची कौले मनातल्या मनात मोजू लागतात. अशी माणसे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. त्यांच्या मनातले गाव बव्हंशी पुस्तकांतून, नाटकांतून आणि मे महिन्याच्या सुट्टीतून घडलेले असते. म्हणूनच आपल्या कोकणी मातीतील मराठी साहित्याने परतणाऱ्या माणसाच्या पदरात नेमके काय घातले, हा प्रश्न केवळ समीक्षकांच्या चर्चेचा राहत नाही. एखाद्या संसाराची घडी त्यावर अवलंबून असू शकते.

हे मी अनुभवाने शिकलो, आणि त्यात माझा दोष आहे. करोनाच्या साथीनंतर मुंबईतील नोकरी गेलेले एक गृहस्थ पत्नी व मुलीसह आमच्या किनाऱ्यावरील आपल्या आजोबांच्या घरी राहावयास येण्याचा विचार करीत होते. त्यांचा निश्चय होत नव्हता. मी त्यांना धीर दिला आणि जयवंत दळवी यांची ‘सारे प्रवासी घडीचे’ ही कादंबरी वाचावयास दिली. आपल्या मुलखाची माणसे किती रसरशीत आहेत हे त्यांना कळावे, एवढाच माझा हेतू. ते कुटुंब आले. वर्षभराने त्यांनी पुस्तक परत केले आणि म्हणाले, “फादर, पुस्तक बेस आसा. पण परत इलो आणि सुखान रवलो असो माका त्यात एकव गावलो नाय.” त्या वाक्याने मला ती कादंबरी पुन्हा वाचावयास लावली.

दळवींचा जन्म १९२५ सालचा, गाव वेंगुर्ले तालुक्यातील आरवली. लेखक म्हणून त्यांचे आयुष्य मुंबईत गेले. १९६३ साली त्यांची ‘चक्र’ प्रसिद्ध झाली आणि लगोलग १९६४ साली ‘सारे प्रवासी घडीचे’. या दोन पुस्तकांचा विचार सहसा वेगवेगळा केला जातो. एक मुंबईच्या झोपडपट्टीचे, दुसरे कोकणातल्या खेड्याचे. एक भीषण, दुसरे विनोदी. मला मात्र ती एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. एका पुस्तकात गाव सोडून शहराच्या कडेला फेकली गेलेली माणसे आहेत; दुसऱ्यात शहरात स्थिरावलेल्या माणसाच्या स्मृतीत उरलेले गाव आहे. एकाच लेखणीने वर्षभराच्या अंतराने ही दोन्ही टोके लिहिली. त्यांच्यामधली वाट, विशेषतः परतीची वाट, मात्र कोरी राहिली. मधु मंगेश कर्णिक यांच्याही बाबतीत काहीसे असेच दिसते. सिंधुदुर्गातील करूळ गावच्या या लेखकाने कोकणावर विपुल लिहिले आणि १९६९ साली ‘माहीमची खाडी’मध्ये मुंबईच्या झोपडवस्तीचे जीवनही तितक्याच आत्मीयतेने चितारले. येथेही दोन टोके आहेत आणि मधला रस्ता रिकामाच आहे.

‘सारे प्रवासी घडीचे’ पुन्हा वाचताना मी एकच प्रश्न धरून बसलो. निवेदक कोठे उभा आहे? तो गावात नाही. तो गावाकडे पाहतो आहे, आणि तेही आपल्या बालपणाच्या अंतरावरून. गावातल्या विक्षिप्त, हट्टी, भोळ्या माणसांवर तो आपल्याला पोटभर हसवतो आणि हसता हसता त्यांची अखेर आपल्यापुढे ठेवतो. त्या हसण्याखाली मृत्यूचे भान सतत वाहते, हे या पुस्तकाचे मोठेपण आहे. शीर्षकच तसे बजावते. दळवींनी कोणाला ‘या, येथे राहा’ असे आमंत्रण दिलेलेच नाही. निरोप देणारे पुस्तक मी आमंत्रण म्हणून दुसऱ्याच्या हाती दिले. स्मरणरंजन लेखकाचे नव्हते, माझे होते. आणि मला वाटते, कोकणावरील साहित्याच्या बहुसंख्य वाचकांचे आहे.

आठवणीतल्या गावाचे एक लक्षण असे, की तेथे कोणाला पोट भरावे लागत नाही. तेथील विहीर मे महिन्यात आटत नाही. सातबाऱ्यावर सतरा सहहिस्सेदारांची नावे नसतात. रात्री छातीत दुखू लागले तर बांबोळीच्या इस्पितळापर्यंत गाडी कोण नेणार, हा प्रश्न तेथे पडत नाही. वस्तीच्या गावात हे सारे प्रश्न पहिल्याच महिन्यात दारात येऊन उभे राहतात. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांना पावसाळ्यापूर्वी घराची कौले परतावयाची होती. चुलतभावंडांपैकी दोघांची संमती नव्हती. त्यांचा पहिला पावसाळा गळक्या माजघरात गेला. मुलीच्या बोलण्यात मालवणी नव्हती, म्हणून वर्गात तिला हसत. आजोबा याच वाडीत जन्मले असूनही घरावर ‘मुंबैकार’ हे नाव चिकटले ते चिकटलेच.

गावाची ही दुसरी बाजू आपल्या साहित्यात अगदीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. चिं. त्र्यं. खानोलकर यांनी ती कोणाहीपेक्षा निर्भयपणे दाखविली. १९३० साली कुडाळनजीक तेंडोलीत जन्मलेल्या या कवीने कुडाळात खानावळ चालविली. १९५९ च्या सुमारास ते मुंबईस आले, आकाशवाणीत काम केले आणि १९७६ साली, वयाची पन्नाशीही न गाठता, निवर्तले. ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२) आणि ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबऱ्यांतील कोकण सुट्टीत जाण्याजोगे नाही. पुढे १९७७ साली व्ही. शांताराम यांनी जिच्यावर चित्रपट काढला, ती ‘चानी’ या दृष्टीने पुन्हा वाचावी. गोऱ्याच्या अत्याचारातून जन्मलेली, वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या केसांची ही मुलगी. तिचा अपराध एवढाच की ती गावासारखी दिसत नाही. गाव तिला स्वीकारीत नाही आणि सुखाने जगूही देत नाही. २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावोगावच्या शाळांत विलगीकरणात ठेवले गेले. त्यात सावधगिरी होती आणि ती आवश्यकही होती. परंतु काही डोळ्यांत जे दिसले ते सावधगिरीहून निराळे होते. त्या दिवसांत मला ‘चानी’ आठवली. तरीही खानोलकरांच्या जगात दैव एवढे प्रबळ आहे, की कौले, पाणी आणि उपजीविका या साध्या गोष्टींना त्यात फारसे स्थान उरत नाही. दळवींचे गाव स्मृतीचे, तर खानोलकरांचे नियतीचे. रोजच्या वस्तीचे गाव दोघांच्याही परिघाबाहेर राहते.

वस्तुतः परतणे ही आपल्याकडे नवी घटना नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांपैकी कोकणातले कितीतरी एसटीने गावी आले. पुष्कळसे पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने संपानंतर गिरणगावात उरलेल्या कुटुंबाची होरपळ समर्थपणे मांडली. पण ट्रंक घेऊन गावच्या तिठ्यावर उतरलेल्या कामगाराचे पुढे काय झाले, हे सांगणारी त्या तोलाची कलाकृती माझ्या वाचनात नाही. आकडे बोलतात, साहित्य गप्प आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गाने धावू लागली, तरी २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ असलेली सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. नवी वाट झाली. ती येण्यासाठी जेवढी, तेवढीच जाण्यासाठीही होती.

आलेला आणि राहिलेला माणूस शोधू गेले तर आरवलीच्या शेजारीच, शिरोड्यात, एक मोठे नाव सापडते. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या आरंभीच्या कादंबऱ्या याच वास्तव्यात लिहिल्या गेल्या. ते गावाचे नव्हते, तरी गावात रुजले, कारण गावाला हवे असलेले काम त्यांच्या हाती होते. नात्याने माणूस गावात येऊ शकतो. राहतो तो कामाने. आपल्या कथाकादंबऱ्यांनी नात्याचे आणि निसर्गाचे जेवढे कौतुक केले, तेवढे या साध्या सत्याचे केले नाही.

परतीच्या कथेचा नमुना म्हणून आपण नेहमी उधळ्या पुत्राचा दाखला सांगतो. मीही कैक वेळा सांगितला आहे. परंतु ती कथा मेजवानीपाशी थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन भावांनी एका शेतात कसे काम केले, ते आपल्याला कळत नाही. दाखल्याचा तो हेतूही नाही. जुन्या करारातील रूथचा ग्रंथ मात्र निराळा आहे. दुष्काळामुळे मवाबात गेलेली नामी पती आणि दोन मुलगे गमावून बेथलेहेमास परतते. गावात गलबला होतो, पण तिच्या तोंडी आनंदाचा शब्द नाही; आपले गोड अर्थाचे जुने नावसुद्धा तिला नकोसे झाले आहे. पुढे कथा पोटापाण्याकडे वळते. सून रूथ परक्या शेतात पडलेली कणसे वेचते. शेवटच्या अध्यायात वेशीवर दहा वडीलधाऱ्यांच्या समक्ष जमिनीचा हक्क कोणाचा, हे ठरते. म्हणजे मजुरी, परकेपण आणि आजच्या भाषेत सातबारा, या तिन्ही गोष्टी चार छोट्या अध्यायांत आल्या आहेत. वाङ्मय म्हणून पाहता हे धैर्य मोठे आहे. इतक्या प्राचीन कथाकाराला जे कथेच्या बाहेरचे वाटले नाही, ते आमच्या लेखकांना रुक्ष का वाटावे?

वसईच्या वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. तेथे माणसे शहराकडे गेली तशी पुढे शहरच गावात आले, आणि आता तेथलीही तरुण जोडपी परवडणाऱ्या घराच्या शोधात अधिक दूर पाहू लागली आहेत. त्यांच्यापैकी कोणी आमच्या किनाऱ्याचा विचार करीत असेल, तर त्याला खोटे चित्र देऊ नये आणि त्याची उमेदही मोडू नये.

ते गृहस्थ अजून येथेच आहेत. मुंबईत ते फिटर होते. आता मालवणच्या बंदरात मासेमारी होड्यांची इंजिने दुरुस्त करतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा काम सर्वांत जास्त आणि रोकड सर्वांत कमी. पैसे हाती येतात ते नारळी पौर्णिमेनंतर. मुलगी मालवणी बोलू लागली आहे. पत्नीला मात्र मुंबईची आठवण येते आणि ती ते लपवीत नाही. मी त्यांना सुचविले आहे की हे सारे, उधारीच्या वहीसकट, लिहून काढावे. ते हसून टाळतात. पण माझी खात्री आहे, की आपल्याला हवे असलेले पुढचे पुस्तक मुंबईत बसून गाव आठवणाऱ्याचे नसेल. ते अशाच कोणाचे तरी असेल.

सल्ल्याला येणाऱ्यांना मी आजही दळवींची कादंबरी देतो, कारण ती सुंदर आहे. मात्र आता सोबत रूथचा चौथा अध्याय वाचावयास सांगतो, आणि त्याआधी विचारतो : घर कोणाच्या नावावर आहे, मे महिन्यात विहिरीला पाणी किती असते, आणि तुमच्या हातात असे कोणते काम आहे जे या गावाला हवे आहे?