‘श्वास’ : उपचाराची किंमत

आजारी मूल पडद्यावर आणले की प्रेक्षकांचे डोळे ओले करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) या सुलभ करुणरसाच्या आहारी गेला नाही, यातच त्याचे मोठेपण आहे असे आम्हांस वाटते.

कोकणातील आजोबा नातवास घेऊन शहरातील डॉक्टरांकडे येतात. मुलाच्या डोळ्यांत कर्करोगाची विरळा गाठ असते. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. आणि ही गोष्ट मुलास आधी सांगितली पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह! अरुण नलावडे यांचा आजोबा येथे रडण्यापेक्षा शब्द शोधीत राहतो. शेवटी तो नातवास हिंडवून जग दाखवितो. बरे होणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे, हे कटू सत्य चित्रपट कोठेही झाकीत नाही.

तथापि एक उणीव नमूद करणे प्राप्त आहे. आजोबांपुढे मार्ग एकच असल्यामुळे त्यांचा पेच सांगण्याचा आहे, निवडण्याचा नाही. डोळ्याचा पडदा गर्भावस्थेत मेंदूपासूनच घडतो. पण गाठ खुद्द मेंदूत असली की प्रश्न अधिक बिकट होतो. लहान मेंदूतील मेड्युलोब्लास्टोमाचेच पाहा. शस्त्रक्रियेनंतर मेंदू व पाठीच्या कण्यास किरण द्यावेत, तर तीन वर्षांखालील मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटण्याचे भय. म्हणून तेथे किरण टाळून वा लांबवून औषधांवर भिस्त ठेवितात. तीत रोग उलटण्याचा धोका असतो. प्रोटॉन किरणांनी आसपासच्या निरोगी भागास कमी इजा पोहोचते, आणि ही सोय २०२३ पासून खारघरला झाली आहे; परंतु सर्वच मेंदूस किरण देणे भाग असेल, तेथे मेंदू वाचवावा कसा?

पालघर किंवा बोईसर-तारापूरच्या एखाद्या बापाचे चित्र आम्ही डोळ्यांपुढे आणतो. मांडीवर निजलेले मूल घेऊन तो गाडीने परळच्या टाटा रुग्णालयास निघाला आहे. १९६२ पासून हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आहे. तारापूरचे वीजकेंद्रही त्याच खात्याचे. परंतु आयुष्य की बुद्धी, हा हिशेब कोणतेही खाते त्याच्यासाठी मांडू शकत नाही. डॉक्टर मार्ग सांगतील; ओझे त्यालाच उचलावयाचे आहे.

‘श्वास’ने सत्य सांगण्याचे धैर्य दाखविले. निवडीचे हे ओझे पेलणारी कथा मराठीत कोणी लिहील काय? आम्ही तिची वाट पाहतो.