वाढपी कोण?

आइसलंडच्या नव्या घटनेच्या मसुद्याचे प्रास्ताविक मी वर्गात समजावून सांगितले. सर्वांना एकाच मेजाशी जागा असेल असा न्याय्य समाज घडवायचा, असा त्याचा आशय. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, पण वाढपी कोण?" गावच्या पंगतीत ज्यांना शेवटी, मांडवाबाहेर बसवले जाई, त्यांच्याच घरातून हा प्रश्न येऊ शकतो. त्या मसुद्याची याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

२००८ साली त्या बेटावरच्या बँका कोसळल्या आणि लोक नवी घटना मागू लागले. १९४४ ची जुनी घटना म्हणजे बहुतांशी डेन्मार्कचीच. राजाच्या जागी राष्ट्राध्यक्ष बसवलेला. लोकांनी २५ माणसे निवडली. सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली, तेव्हा संसदेने जवळपास त्याच माणसांची परिषद नेमली. जुलै २०११ मध्ये मसुदा तयार झाला. त्याचे मर्म प्रास्ताविकात नाही, चौतिसाव्या कलमात आहे. जी नैसर्गिक संपत्ती खाजगी मालकीची नाही, ती राष्ट्राची समाईक व कायमची मालमत्ता, असे ते कलम म्हणते. त्या देशात याचा पहिला अर्थ मासळी. १९८४ पासून मासेमारीचे कोटे वाटले गेले, पुढे ते विकताही येऊ लागले, आणि समुद्र मोजक्या कंपन्यांच्या हाती गोळा होत गेला. कलम मोलाचे आहे. तरी 'खाजगी मालकीची नाही' हे शब्द मला खटकतात. आधी ज्याने घेतले त्याचे तसेच राहते.

२० ऑक्टोबर २०१२ रोजी मतदान झाले. निम्मेच मतदार आले, पण त्यांतल्या दोनतृतीयांशांनी मसुदा उचलून धरला. संपत्तीच्या प्रश्नावर तर ८३ टक्क्यांनी होकार दिला. मात्र हा कौल केवळ सल्ल्यापुरता! घटनादुरुस्ती संसदेने मंजूर करायची, मग निवडणूक घ्यायची, मग नव्या संसदेने तीच पुन्हा मंजूर करायची, असा जुन्या घटनेचा नियम. वाढपी तेच राहिले.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करावेत, आणि ते घटनेतच लिहावे, संसदेतल्या बहुमताच्या मर्जीवर सोडू नये, असा आग्रह धरला होता. आपल्याकडे ते घटनेत आलेच नाही. तिकडे मसुद्यात आले, लोकांनी मान्यही केले, आणि अडले ते नेमके त्या मर्जीपाशी. जनतेच्या कौलाचे गोडवे गाणाऱ्या आमच्या काही मित्रांनी हे प्रकरण मुळातून वाचावे.

एप्रिल २०१३ च्या निवडणुकीपूर्वी संसदेने मसुदा मंजूर केलाच नाही. ज्यांच्या राजवटीत बँका खाजगी झाल्या होत्या, तेच दोन पक्ष निवडणुकीनंतर सत्तेवर आले. १९४४ चीच घटना तेथे अजून चालू आहे.