न कळलेल्या भाषेतले नाटक

'कलेला भाषा नसते' हे वाक्य आपल्याकडे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मांडवात टाळ्या घेऊन जाते. मलकापुरातल्या एका व्याख्यानात मीही ते एकदा ठोकून दिले आहे. मुलीकडे तोक्योला गेलो असता मार्च २०२५ मध्ये काबुकीझा नाट्यगृहात जाऊन बसलो. तेव्हापासून मात्र ते माझ्याने म्हणवत नाही.

नाटक होते 'कानादेहोन चुशिंगुरा'. १७४८ साली ओसाकात ते बाहुल्यांच्या रंगभूमीसाठी लिहिले गेले आणि लगोलग काबुकीने उचलले. शोगुनच्या वाड्यात शस्त्र उपसले म्हणून एन्या हानगान या सरदाराला स्वतःचे पोट चिरून मरण्याची आज्ञा होते. पुढे त्याचे सेवक सूड घेतात. एवढेच मला ठाऊक. जावईबापू शेजारी बसून अर्थ सांगायला तयार होते. मीच नको म्हटले.

तिसऱ्या मजल्यावरची स्वस्त जागा. चौथ्या अंकात, उलट्या घातलेल्या दोन चटयांवर पांढरे वस्त्र, चार कोपऱ्यांत हिरव्या डहाळ्या, मध्ये पांढऱ्या वेषातला हानगान. हा अंक चालू असताना प्रेक्षागृहात कोणाला आत-बाहेर करू द्यायचे नाही, असा जुना रिवाज आहे. तो का, ते दोन मिनिटांत कळले. वाद्ये जवळजवळ थांबलेली. आपल्या नाटककाराने इथे नायकाला दोन पानांचे स्वगत दिले असते आणि नटाने त्यावर वन्समोअर घेतला असता! हा गृहस्थ मात्र जवळच्या मुलाला एकच प्रश्न विचारतो. मुलगा प्रेक्षकांतून जाणाऱ्या लांब पायवाटेकडे—तिला हानामिची म्हणतात—पाहून येतो आणि थोडक्यात उत्तर देतो. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. मला जपानीचे अक्षर येत नाही; पण तो 'आला का?' विचारतो आहे आणि उत्तर 'अजून नाही' आहे, हे मी शपथेवर सांगितले असते.

माझे वडील मलकापूरला शेवटच्या रात्री हेच विचारीत होते. मी मुंबईहून निघालो होतो. आई खिडकीशी जाऊन स्टेशनच्या रस्त्याकडे पाही आणि परत येऊन 'अजून नाही' म्हणे. भुसावळ सुटल्यावरचा तो तासाभराचा प्रवास मला अजून आठवतो.

हानगान पोटात खंजीर खुपसतो, आणि त्याच क्षणी हानामिचीच्या टोकाचा पडदा कड्यांचा आवाज करीत सरकतो. युरानोसुके धावत येतो आणि वाटेतच कोसळतो. त्याला धन्याचे अखेरचे शब्द तरी मिळाले. मी रुमाल काढला.

शेजारच्या वृद्ध जपानी बाई मात्र कोरड्या डोळ्यांनी पाहत होत्या. त्यांनी डोळे पुसले ते अंकाच्या शेवटी: वाड्याबाहेर एकटा उरलेला युरानोसुके धन्याच्या रक्ताने माखलेला खंजीर काढतो, तेव्हा. मला तो प्रसंग लांबलेला वाटला होता! बाईंच्या दृष्टीने नाटक तिथे सुरू होत होते: निष्ठा, सूड, एक मोठे ऋण. मी पाहिले ते त्यांचे नाटक नव्हतेच. शब्दांची जागा रिकामी सापडताच तिथे मी माझे मलकापूरचे घर मांडून बसलो होतो.

१९८० साली थिएटर ॲकॅडमीने 'घाशीराम कोतवाल' युरोपात नेले. डॉ. जब्बार पटेलांनी उभी केलेली माणसांची ती डुलणारी भिंत तिथल्या प्रेक्षकांना पुरेपूर दिसली असेल. परंतु तेंडुलकरांच्या एखाद्या ओळीवर पुण्याचा प्रेक्षक हसता हसता कावराबावरा होतो, ते त्यांच्या वाट्याला कसे यावे? भिंतीपुढे तेही आपापले गाव मांडून बसले असतील. नटाची बैठक, त्याचे थांबणे, त्याची धाव, एवढे परक्याला मिळते आणि ते थोडे नाही. बाकीचे भाषेत असते.

बाहेर पडल्यावर जावयांनी विचारले, "काय, कळले का?" मी म्हटले, "आता तुम्ही मला पहिल्यापासून सांगा." घर येईपर्यंत ते सांगत होते, आणि त्यांच्या सांगण्यात तो खंजीर फार मोठा होता.